भटकी कुत्री आणि नगरपालिकेतील रिकामी खुर्ची

२०२५ या वर्षाची नोंद आपल्या देशात भटक्या कुत्र्यांचे वर्ष म्हणून झाली, तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. त्या वर्षीच्या ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवावीत, ती पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असा आदेश दिला. अकराच दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात दुरुस्ती केली. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री जेथून पकडली त्याच भागात सोडावीत, अपवाद फक्त पिसाळलेल्या वा आक्रमक कुत्र्यांचा, असे ठरले. आणि या प्रकरणाची व्याप्ती दिल्लीपुरती न राहता देशभर वाढली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवावीत व ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असेही न्यायालयाने फर्माविले.

या तीन आदेशांवरून देशात जे वादळ उठले त्याने समाजाचे सरळ दोन तट पाडले. एका तटाच्या मते कुत्र्यांचा कैवार घेणारे लोक माणसांच्या लेकरांविषयी निष्ठुर आहेत. दुसऱ्या तटाच्या मते कुत्री हटवा म्हणणारे लोक भूतदयेला पारखे झाले आहेत. दोन्ही बाजूंनी आवेशाने लिहिले गेले, मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या. परंतु या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. न्यायालयाने हा आदेश दिला काय किंवा तो दिला काय, सकाळी उठून तो अमलात आणणारा माणूस कोण? त्याचे पद कोणते, त्याचे शिक्षण काय, त्याच्या हाताखाली किती माणसे आणि किती गाड्या आहेत, आणि काम झाले नाही तर जाब द्यायचा कोणी?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, आपल्या बहुसंख्य नगरपालिकांत असा माणूस नाही. कुत्र्यांच्या प्रश्नाची खरी अडचण कुत्र्यांत नाही, न्यायालयांत नाही आणि भूतदयावाद्यांतही नाही. ती या रिकाम्या खुर्चीत आहे, असे मला वाटते.

प्रश्नाचे आकारमान

प्रथम आकड्यांकडे पाहू. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. त्यांपैकी सुमारे १२ लाख ७६ हजार महाराष्ट्रात होती. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ मध्ये श्वानदंशाची ३७ लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली आणि अलर्क रोगाने, म्हणजे रेबीजने, ५४ संशयित मृत्यू झाले. याउलट भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी देशभर घरोघर केलेल्या पाहणीवरून काढलेला अंदाज असा की, भारतात दरवर्षी प्राणिदंशाच्या सुमारे ९१ लाख घटना घडतात, त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश कुत्र्यांच्या असतात, आणि रेबीजने सुमारे ५,७२६ माणसे मरतात.

५४ कोठे आणि ५,७२६ कोठे! एक आकडा सरकारदरबारी नोंदलेल्या मृत्यूंचा आहे आणि दुसरा पाहणीवरून काढलेल्या अंदाजाचा, हे लक्षात घेऊनही ही तफावत अस्वस्थ करणारी आहे. जो रोग एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ निरपवादपणे प्राण घेतो, त्याने किती माणसे गेली हेच शासनाला नीट ठाऊक नसेल, तर त्याच्या बंदोबस्ताचे नियोजन कशाच्या आधारे व्हायचे? लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला १८८५ साली पहिली लस टोचली. त्या घटनेला १४० वर्षे झाली. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जी पाळी मागच्या पिढ्यांवर येई तीही आता राहिलेली नाही. दंडात घ्यावयाच्या थोड्याच मात्रांत काम भागते. उपाय इतका जुना आणि इतका खात्रीचा असताना माणसे मरतात, ती विज्ञानाच्या अभावी नव्हे. ती व्यवस्थेच्या अभावी मरतात. आणि मरणाऱ्यांत मोठा वाटा लहान मुलांचा आणि गरिबांचा असतो.

परदेशांतील पद

ब्रिटन, अमेरिका आदी देशांत ‘प्राणी-नियंत्रण अधिकारी’ हे पद सर्वांच्या परिचयाचे आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर भटक्या कुत्र्यांसाठी एक अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. बोलीभाषेत त्याला ‘डॉग वॉर्डन’ म्हणतात. रस्त्यावर सापडलेले कुत्रे ताब्यात घेणे, मालकाचा शोध करणे, सात दिवस त्याला सांभाळणे, त्याची नोंदवही ठेवणे आणि ती नागरिकांना पाहण्यासाठी खुली ठेवणे ही कामे कायद्याने ठरवून दिलेली आहेत. अमेरिकेतील अधिकाऱ्याकडे याशिवाय पाळीव कुत्र्यांचे परवाने, चावा घेतलेल्या कुत्र्याला निरीक्षणाखाली ठेवणे, क्रौर्याच्या तक्रारींची चौकशी आणि बेजबाबदार मालकांवर दंडाची कारवाई अशी कामे असतात. थोडक्यात, हा अधिकारी केवळ कुत्रे पकडणारा नसतो; माणूस आणि प्राणी यांच्या सहवासातून जे तंटे उद्भवतात त्यांचा तो निवाडा करीत असतो.

या देशांची पद्धत जशीच्या तशी आपण उचलावी असे मी सुचवीत नाही. तेथील कुत्र्याला बहुधा मालक असतो, तो हरवतो आणि सापडतो; आपल्याकडील कुत्रे गल्लीचे असते, त्याचा मालक म्हणजे सारी आळी किंवा कोणीच नाही. शिवाय तेथील निवाऱ्यांत ज्यांना कोणी घेऊन जात नाही अशा कुत्र्यांना अखेर मारले जाते, हे आपल्या समाजाला मानवणार नाही. घेण्यासारखी गोष्ट पद्धत नव्हे, जबाबदारी आहे. कुत्र्यासंबंधी कोणतीही घटना घडली तर कोणाला बोलवायचे, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे नागरिकाने तक्रार केली तर ती आरोग्य विभागाकडे जाते. आरोग्य विभाग म्हणतो, हे काम निर्बीजीकरणाच्या कंत्राटदार संस्थेचे आहे. संस्था म्हणते, आमचे कंत्राट शस्त्रक्रियेचे आहे, चावऱ्या कुत्र्याचे नाही. पोलिस म्हणतात, हा नगरपालिकेचा विषय आहे. लहान गावांत तर नाल्या, कचरा, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि यात्रेचा बंदोबस्त सांभाळणाऱ्या स्वच्छता निरीक्षकाच्या गळ्यात हे काम पडते, आणि त्याला त्याचे कोणतेही शिक्षण मिळालेले नसते. मुंबईसारख्या महानगरातही देवनारच्या पशुवधगृहाचा कारभार ज्या विभागाकडे, त्याच विभागाकडे भटक्या कुत्र्यांचे काम राहत आले आहे.

हे केवळ दुर्लक्षाने घडलेले नाही. त्याला प्रशासकीय रचनेचेही कारण आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत जी बारावी अनुसूची घातली तिच्यात कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध हा विषय नगरपालिकांच्या कक्षेतील म्हणून स्पष्टपणे नमूद आहे. परंतु विषय सोपविला तरी त्याबरोबर माणूस आणि पैसा सोपविला गेला नाही. महाराष्ट्रातील नगरपरिषदांसाठी अभियांत्रिकी, लेखा, करनिर्धारण, अग्निशमन, स्वच्छता असे राज्यस्तरीय संवर्ग निर्माण झाले, ही चांगली गोष्ट होय. त्या मालिकेत प्राणी-नियंत्रणाला मात्र जागा मिळालेली नाही. कोंडवाडा हा शब्द आपल्या गावगाड्यात १८७१ च्या गुरांविषयीच्या कायद्यापासून रुळलेला आहे. मोकाट गुरांसाठी दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारला एक व्यवस्था सुचली. मोकाट कुत्र्यांसाठी स्वतंत्र भारतातील नगरपालिकेला ती अद्याप सुचावयाची आहे.

२००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी समित्या निर्माण केल्या. या समित्यांत महापालिकेचे प्रमुख असतात, आरोग्य व पशुसंवर्धन खात्यांचे प्रतिनिधी असतात, प्राणिमित्र संस्थांचे सदस्य असतात. समितीची आवश्यकता मी नाकारीत नाही. पण समिती धोरण ठरवू शकते; रात्री अकरा वाजता झोपडपट्टीच्या तोंडाशी एका कुत्र्याने चार जणांना चावे घेतले असता जाळे घेऊन समिती जाऊ शकत नाही.

आठ आण्यांचा धडा

भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त ही आजची समस्या नव्हे. मुंबईच्या इतिहासात तिचे एक विलक्षण प्रकरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारने उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारण्याचा परिपाठ सुरू केला होता. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. त्या काळी आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. परिणाम व्हायचा तो झाला. रस्त्यावरील पिसाळलेले कुत्रे शोधून मारण्यापेक्षा घराच्या ओट्यावर बसलेले गरीब कुत्रे मारणे सोपे. १८३२ साली मारण्याची मुदत वाढविण्यात आली तेव्हा, ज्यांच्या धर्मात कुत्र्याला आदराचे स्थान आहे तो पारशी समाज खवळून उठला. ६ जून रोजी कोटात दंगल झाली, दुकाने बंद पडली, कुलाब्याच्या पलटणीची रसद तोडली गेली. सरकारला अखेर नमते घेऊन कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलविण्याचा मार्ग पत्करावा लागला. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईचे पांजरपोळ उभारले, त्याच्या मुळाशी हीच घटना होती.

ही कथा सहसा धार्मिक भावनांची कथा म्हणून सांगितली जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती मोबदल्याच्या पद्धतीची कथा आहे. नगावर पैसे दिले की नग मिळतात. ज्या हेतूने पैसे दिले तो हेतू साधेलच असे नाही. १९०२ साली हनोई शहरात फ्रेंच सरकारने उंदरांच्या शेपटीमागे बक्षीस लावले, तेव्हा लोक शेपट्या कापून उंदीर जिवंत सोडू लागले, याचेही कारण हेच.

कुत्री मारण्याचे धोरण त्यानंतरही चालू राहिले. १९६० च्या प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातही तशी मुभा ठेवण्यात आली. पण मारूनही कुत्री कमी झाली नाहीत. एका गल्लीतली कुत्री गेली की शेजारच्या गल्लीतली तेथील उकिरड्यावर हक्क सांगायला येतात आणि उरलेल्यांच्या पिलांना जगायला अधिक वाव मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९९२ च्या अहवालात नुसत्या मारण्याने रेबीज आटोक्यात येत नाही, असा निष्कर्ष दिला. मद्रास आणि मुंबई या महानगरांनी त्याच दशकात मारणे सोडून निर्बीजीकरण स्वीकारले आणि २००१ च्या नियमांनी ते देशाचे धोरण झाले.

धोरण बदलले, मोबदल्याची पद्धत मात्र बदलली नाही. पूर्वी मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आता शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यामागे ठराविक रक्कम मिळते.

नग की क्षेत्र?

या पद्धतीने काय बिघडते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दहा प्रभागांच्या एका शहरात प्रत्येक प्रभागात एक हजार याप्रमाणे दहा हजार कुत्री आहेत आणि वर्षाला तीन हजार शस्त्रक्रियांपुरता पैसा आहे, असे धरू. कंत्राटदाराला दर शस्त्रक्रियेमागे पैसे मिळत असतील तर तो सर्व शहरातून सहज हाती लागतील ती तीन हजार कुत्री पकडील. ही कुत्री कोणती? माणसाळलेली, शेपूट हलवीत जवळ येणारी, केंद्राच्या आसपासची. बुजरी मादी, गोदामामागे लपणारी टोळी आणि खरोखर चावरे कुत्रे तो सोडून देईल, कारण त्यांना पकडण्यात निम्मा दिवस जातो. वर्षाअखेर प्रत्येक प्रभागात सातशे कुत्री प्रजोत्पादनक्षम राहतील, त्यांची पिले तूट भरून काढतील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच तीन हजारांची निविदा निघेल. कागदावर काम शंभर टक्के झालेले असेल, गल्लीत मात्र काहीच बदललेले नसेल.

आता समजा, तेवढ्याच पैशात पहिल्या वर्षी तीनच प्रभाग घेतले आणि त्यांतील जवळजवळ सर्व कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण पुरे केले. दुसऱ्या वर्षी पुढचे तीन. रस्त्यावरील कुत्र्याचे आयुष्य मुळातच तोकडे असते. चार वर्षांत सारे शहर एकदा पुरे होईल आणि पहिल्या प्रभागांतील संख्या तोवर आपोआप उतरणीला लागलेली असेल. पैसा तेवढाच, फरक इतकाच की, पहिल्या पद्धतीत आपण नग विकत घेतले, दुसऱ्या पद्धतीत क्षेत्र पूर्ण केले. पण क्षेत्र पूर्ण झाले की नाही हे ठरवायला कुत्र्यांची मोजणी करणारा, नकाशा राखणारा, कानावरची खूण पाहून किती टक्के काम झाले ते सांगणारा आणि कंत्राटदाराचे देयक त्यावर अडवून धरू शकणारा माणूस लागतो. तोच माणूस आपल्याकडे नाही.

ही केवळ कल्पना नव्हे, याचा दाखला शेजारीच आहे. गोव्यात राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी गेल्या दशकात जी मोहीम चालविली तिचा पाया क्षेत्र हाच होता. जाळी घेऊन निघालेल्या पथकांनी गाव आणि वाडा यांच्या नकाशाप्रमाणे काम केले, प्रत्येक लशीची नोंद भ्रमणध्वनीवर जागच्या जागी केली, आणि जेथे प्रमाण कमी दिसले तेथे पथक पुन्हा धाडले. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस देण्यात आली. म्हणजे अंदाजे सत्तर टक्के, आणि रोगाची साखळी तोडण्यासाठी जाणकारांनी सांगितलेले प्रमाणही तेवढेच आहे. जोडीला शाळाशाळांतून शिक्षण दिले आणि पिसाळल्याचा संशय आलेल्या कुत्र्याची बातमी मिळताच जाणारे पथक ठेवले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अहवालानुसार गोव्यातील कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१८ पासून अभ्यासाच्या काळात तेथे माणसाचा एकही मृत्यू झाला नाही. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. गोवा लहान आहे आणि त्याला बाहेरून मदत मिळाली, हे खरे. पण आपणही एकेक जिल्हा घेऊन कामाला लागायला काय हरकत आहे?

गोव्याच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. आपण ज्याला ‘कुत्र्यांचा प्रश्न’ म्हणतो ते वस्तुतः तीन वेगळे प्रश्न आहेत : रोग, चावे आणि संख्या. रोग लसीकरणाने थोड्या वर्षांत आटोक्यात येतो. चावे कमी करायचे तर विशिष्ट टोळ्या, विशिष्ट जागा आणि बेजबाबदार मालक यांवर लक्ष ठेवावे लागते. संख्या सर्वांत सावकाश घटते. मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार आणि दहा वर्षांनंतरच्या गणनेत सुमारे ९० हजार कुत्री आढळली, यावरून तिची गती कळते. तिन्ही प्रश्नांना एकच औषध मागणारे दोन्ही तट म्हणूनच निराश होतात.

उकिरडा आणि गिधाड

कुत्र्यांच्या संख्येची कारणे पुष्कळदा कुत्र्यांच्या विभागाबाहेर असतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मटण-मासळी बाजारातील टाकाऊ भाग, हॉटेलांचे खरकटे आणि उघड्या कचराकुंड्या हेच भटक्या कुत्र्यांचे खरे अन्नछत्र आहे. याहून दूरचे उदाहरण गिधाडांचे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे १९९० च्या दशकात आपली गिधाडे जवळजवळ नष्ट झाली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मधल्या काळात गावाबाहेरच्या मेलेल्या गुरांवर कुत्र्यांचे कळप पोसले गेले. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००८ साली मांडलेल्या अंदाजाप्रमाणे १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे वाढलेल्या कुत्र्यांपायी देशात सुमारे ४७ हजार जादा माणसे रेबीजने दगावली. एका गोळीचा परिणाम कोठवर पोहोचतो पाहा!

तेव्हा बाजार विभाग, घनकचरा विभाग, पशुसंवर्धन आणि रुग्णालय यांच्याशी एकाच वेळी बोलू शकणारा अधिकारी हवा. कोणत्या मोहल्ल्यातून श्वानदंशाचे रुग्ण अधिक येतात हे रुग्णालयाच्या नोंदवहीत असते. तेथे किती कुत्र्यांना लस दिली हे कंत्राटदाराच्या वहीत असते. तेथे कचरा किती दिवस पडून राहतो हे मुकादमाला ठाऊक असते. या तीन वह्या एका टेबलावर कधीच येत नाहीत. प्राणी-नियंत्रण अधिकाऱ्याचे पहिले काम त्या एका टेबलावर आणणे हे असेल.

जाळे धरणारा माणूस

या प्रश्नात सर्वांत उपेक्षित घटक असेल तर तो कुत्रे पकडणारा कामगार होय. गाडी आली की एका घरातून त्याला शिव्या मिळतात, कारण तो कुत्रे नेतो. चार दिवसांनी त्याच कुत्र्याला सोडायला आला की दुसऱ्या घरातून मिळतात, कारण तो ते परत आणतो. नियमाप्रमाणे त्याने कुत्रे मूळ जागी सोडलेच पाहिजे, हे फार थोड्या नागरिकांना ठाऊक असते. त्याला स्वतःला आगाऊ लस दिलेली असते काय, हातमोजे असतात काय, चावा बसल्यास भरपाई मिळते काय, याची चौकशी कोणी करीत नाही. तो बहुधा कंत्राटी असतो आणि निविदा बदलली की त्याचे कौशल्यही घरी जाते. कुत्र्याला न दुखवता, न बिथरवता जाळ्यात घेणे ही एक विद्या आहे. ती वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि कायम नोकरी, प्रशिक्षण व गणवेश यांनीच टिकते. अग्निशमन दलाच्या जवानाला आपण जो मान देतो त्याचा अंशही या माणसाच्या वाट्याला आलेला नाही, आणि तरीही प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगण्याचे घटनेने सांगितलेले कर्तव्य आपल्या सर्वांच्या वतीने प्रत्यक्षात तोच पार पाडीत असतो.

खर्चाचा हिशेब

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला असा की, सरकारी यंत्रणेत आणखी एका अधिकाऱ्याची भर कशाला? नेमलेला अधिकारी तरी काम करील याची शाश्वती काय? शाश्वती नाही, हे कबूल. पण आज काम न होण्याचा ठपका ठेवायलाही कोणी नाही. ज्या पदाचे नाव, कर्तव्य आणि मोजमाप निश्चित आहे त्याच्याकडूनच हिशेब मागता येतो. प्रत्येक प्रभागात किती टक्के लसीकरण झाले, किती चावे नोंदले, किती तक्रारींची किती तासांत दखल घेतली, हे तीन आकडे दर तिमाहीस पालिकेच्या फलकावर लावण्याचे बंधन त्याच्यावर घातले, तर नागरिकांचे डोळे हीच पुरेशी तपासणी ठरेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. सार्वजनिक आरोग्य ही अशी वस्तू आहे की, तिचा लाभ सर्वांना मिळतो म्हणून तिची किंमत द्यायला कोणीच आपण होऊन पुढे येत नाही. ती सामुदायिक तिजोरीतूनच द्यावी लागते. शिवाय ती किंमत आपण आजही देतोच आहोत. फक्त ती चुकीच्या जागी आणि चुकीच्या माणसांकडून वसूल होते. दंशानंतरच्या लशींवर सरकारी रुग्णालये खर्च करतात. लस विनामूल्य मिळाली तरी चार-पाच खेपांत मजुराचे तितकेच रोज बुडतात, सोबत येणाऱ्या बायकोचे बुडतात, एस्टीचे भाडे जाते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे आपण मानतो. कुत्र्याला दिलेली लस माणसाच्या उपचारापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. पाळीव कुत्र्यांच्या परवान्यांची नीट वसुली केली तर तिनेही या खात्याला थोडा हातभार लागेल.

रेबीजने होणारे मृत्यू २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केला. आराखडा कागदावर उत्तम आहे. पण दिल्लीचा आराखडा आणि आपली गल्ली यांच्यामधल्या पायरीवर कोणी उभे केल्याशिवाय तो खाली उतरणार नाही.

शिक्षकांचे काम, शिक्षकांचे नसलेले काम

७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने प्रत्येक शैक्षणिक संस्थेने आवाराच्या देखभालीसाठी आणि कुत्र्यांना आत येऊ न देण्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा, असे सांगितले. जनगणना, निवडणूक, मतदारयाद्या यांनी आधीच वाकलेल्या शिक्षकाच्या खांद्यावर हेही ओझे येणार, अशी धास्ती शिक्षकवर्गाला वाटली तर ती अनाठायी नाही. जेथे विशेष पद नसते तेथे काम शेवटी शिक्षकाकडे किंवा कारकुनाकडेच सरकते, हा आपल्या प्रशासनाचा जुना अनुभव आहे. कुंपण दुरुस्त ठेवणे, मधल्या सुटीतील खरकटे आवारात पडू न देणे, एवढे संस्थेने जरूर करावे. परंतु आवारातील कुत्रे पकडणे, ते कोठे न्यायचे हे ठरविणे आणि त्याची नोंद ठेवणे हे प्रशिक्षित अधिकाऱ्याचेच काम आहे, असे शिक्षकांच्या संघटनांनी ठामपणे सांगितले पाहिजे. आणि तो अधिकारी नेमण्याची मागणीही त्याच दमात केली पाहिजे.

शिक्षकांनी करण्यासारखे एक काम मात्र आहे आणि ते दुसरे कोणी करू शकणार नाही. कुत्रे चावले तर घाबरून लपवू नये, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची भरू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत द्यावयाचे सीरमही मागून घ्यावे. घरी मार बसेल या भीतीने चावा लपविणारी मुले आपल्या वर्गांत आहेत. एका तासाचा हा पाठ त्यांतील एखाद्याचा जीव वाचवू शकेल.

बाकीचे काम नगरपालिकेचे आहे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो उमेदवार दारी येईल त्याला ‘तुम्ही कुत्र्यांच्या बाजूचे की माणसांच्या?’ असे विचारण्यात काही हशील नाही. आपल्या गावात या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव काय आणि तो कोठे बसतो, एवढेच त्याला विचारावे. या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसेल, तर न्यायालयाचा कोणताही आदेश आपल्या गल्लीपर्यंत पोहोचणार नाही, हे आपण समजून असावे.